ट्रम्प ८० हजारांनी जिंकले, स्लॉटकिन १९ हजारांनी जिंकल्या, मग मधले ते ‘लाखभर’ लोक कोण?

प्रश्न थोडक्यात परत मांडतो. विचारणारे मिशिगनमधल्या नोव्हायला राहतात, नुकतेच अमेरिकन नागरिक झालेत. डेमोक्रॅट सिनेटर गॅरी पीटर्स परत लढणार नाहीत म्हणून मिशिगनची सिनेटची एक सीट २०२६ मध्ये ओपन आहे आणि त्यांना पहिल्यांदाच एखाद्या प्रचारात काम करायचंय. त्यांचं गणित असं की २०२४ ला इथे ट्रम्प साधारण ८० हजारांनी जिंकले, त्याच दिवशी त्याच राज्यात डेमोक्रॅट एलिसा स्लॉटकिन सिनेटला १९ हजारांनी जिंकल्या, म्हणजे लाखभर लोकांनी वर ट्रम्प आणि खाली स्लॉटकिन असं मत दिलं, तर हे लाख लोक शोधायचे आणि पटवायचे, बाकी दारोदार फिरणं म्हणजे वेळ घालवणं, बरोबर ना? आणि शेवटी एक छोटा प्रश्न, बायको ग्रीन कार्डवर आहे, तिने मदत केली तर चालेल का.

आधी माझं सांगतो. मी ओकलंड काउंटीत बरीच वर्षं प्रचाराचं फील्डचं काम करतोय, म्हणजे मतदार याद्या, कुठल्या गल्लीत कोणाला पाठवायचं, कोणाचं पोस्टल बॅलट आलं कोणाचं नाही, ही सगळी बिनग्लॅमरची कामं. करतो डेमोक्रॅट बाजूने, तेव्हा तेवढा भाग वजा करून वाचा. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं रिपब्लिकन बाजूच्या माणसालाही तितकंच लागू पडेल, आकड्यांना पक्ष नसतो.

आता गणित. ८०,१०३ अधिक १९,००६ म्हणजे ९९,१०९, बेरीज तुमची बरोबर आहे. पण हा लीडमधला फरक झाला, माणसांचा आकडा नाही. एक माणूस वर रिपब्लिकन आणि खाली डेमोक्रॅट मत देतो तेव्हा एकीकडचं एक कमी होतं आणि दुसरीकडे एक वाढतं, म्हणजे लीड दोनने हलतो. त्यामुळे सगळेच्या सगळे असे ‘इकडून तिकडे’ गेले असं धरलं तरी ते पन्नास हजारच होतात. आणि ते तसे गेलेलेही नाहीत, कारण आता मूळ मतं बघा.

राष्ट्राध्यक्षपदाला ट्रम्प २८,१६,६३६ आणि हॅरिस २७,३६,५३३. सिनेटला स्लॉटकिन २७,१२,६८६ आणि रिपब्लिकन माइक रॉजर्स २६,९३,६८०. नीट बघा, स्लॉटकिन जिंकल्या पण हॅरिस, ज्या हरल्या, त्यांच्यापेक्षा त्यांना जवळजवळ २४ हजार मतं कमी आहेत. आणि रॉजर्सना ट्रम्पपेक्षा जवळजवळ १ लाख २३ हजार कमी. म्हणजे स्लॉटकिनकडे कुठली लाट आली नाही, ट्रम्पच्या खाली रॉजर्सपर्यंत येता येता मतं गळाली. घोडं पेंड खातं ते तिथे.

मग गळालेली गेली कुठे? सिनेटच्या जागेला पडलेली एकूण मतं राष्ट्राध्यक्षपदाच्या मतांपेक्षा ऐंशी-नव्वद हजारांनी कमी आहेत, म्हणजे लोकांनी मतपत्रिकेवरचा वरचा गोल काळा केला आणि सिनेटचा रिकामा सोडून दिला. शिवाय सिनेटला छोट्या पक्षांच्या उमेदवारांना मिळून तीन टक्के, म्हणजे दीड लाखाच्या वर मतं आहेत, आणि जिथे विजय ०.३४ टक्क्यांचा आहे तिथे हे तीन टक्के म्हणजे प्रचंड झाले.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी की नुसत्या बेरजांवरून आतली हालचाल दिसत नाही. काही ट्रम्पवाल्यांनी स्लॉटकिनना मत दिलंच असणार, लान्सिंगच्या, म्हणजे राज्याच्या राजधानीच्या बाजूला मला असे लोक दारावर भेटलेत. आणि हॅरिसना मत देणाऱ्यांपैकी काहींनी स्लॉटकिनना दिलं नसणार. डिअरबॉर्नसारख्या अरब-अमेरिकन वस्तीच्या ठिकाणी तर गाझावरून सगळंच ढवळून निघालं होतं, तिथे ट्रम्प ४२, हॅरिस ३६ आणि ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन १८ टक्के असा निकाल लागला, अशा गावात वरच्या आणि खालच्या मतांची सांगड घालणं अवघडच. तेव्हा ‘क्रॉसओव्हर झालाच नाही’ असं मी म्हणत नाही. म्हणतोय एवढंच की तुमच्या डोक्यातला जो लाखाचा गठ्ठा आहे, एकसारखा विचार करणारा, शोधला की सापडेल असा, तो नाहीये.

महाराष्ट्रातल्यांसाठी जवळचं उदाहरण द्यायचं तर नांदेड घ्या. नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेबरोबर तिथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली, खालच्या सहाही विधानसभा जागा महायुतीने घेतल्या आणि लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. तेव्हाही लगेच सगळीकडे सुरू झालं, लोकांनी ठरवून खाली एक आणि वर एक केलं म्हणून. काहींनी केलंही असेल, पण उमेदवार वेगळा, विरोधक वेगळा, सहानुभूती वेगळी, आणि फरक किती तर दीड हजार. एवढ्याशा फरकाला एकच एक कारण चिकटवायची आपल्याला फार घाई असते.

मिशिगनची मतपत्रिका कशी असते ते नवीन नागरिकांनी एकदा बघून ठेवाच, राज्याच्या साइटवर सॅम्पल बॅलट मिळतं. कागदाची असते, मशीन स्कॅन करतं, बऱ्याचदा पाठपोट. सगळ्यात वर ‘स्ट्रेट पार्टी’चा एक गोल असतो, २०१८ च्या प्रपोजल ३ ने, म्हणजे लोकांनी थेट मत देऊन मंजूर केलेल्या प्रस्तावाने, तो परत आला. तो एक काळा केला की त्या पक्षाचे खालचे सगळे उमेदवार आपोआप धरले जातात, एखाद्या जागेवर वेगळा माणूस हवा असेल तर तिथे वेगळी खूण करता येते. नोटा वगैरे प्रकार नाही, नको असेल तर रिकामं सोडायचं. म्हणजे स्ट्रेट पार्टीचा गोल भरून वेगळी खूण न केलेल्या रिपब्लिकन मतदाराचं मत रॉजर्सना गेलंच. गळती झाली ती एकेक जागा वाचून भरणाऱ्यांकडून, आणि त्यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. एक, खूप विचार करून मत देणारे, हे कमी. दुसरे, वरच्या माणसासाठीच आलेले, ‘मला बाकीचे कोण ते माहीत नाहीत’ म्हणून पेन खाली ठेवणारे. दारावर ‘आय ओन्ली केम आउट फॉर ट्रम्प’ हे वाक्य ज्याने फील्डवर काम केलंय त्याने ऐकलेलं आहे, आणि डेमोक्रॅट बाजूलाही असे असतात, फक्त २०२४ ला इथे कमी होते.

ओपन सीटचा संबंध इथे येतो. विद्यमान सिनेटर उभा असेल तर त्याचं नाव सहा वर्षं कानावर पडलेलं असतं, कोणाच्या तरी आजोबांचे अडकलेले सोशल सिक्युरिटीचे पैसे त्याच्या ऑफिसने सोडवलेले असतात, व्हेटरन्सची कामं केलेली असतात, मतदाराला तो आवडो न आवडो, गोल कोणासमोरचा आहे ते कळतं. २०२४ ला जी सिनेटची जागा होती, तिच्यावर डेमोक्रॅट डेबी स्टॅबेनो २००१ पासून होत्या. त्यांनी जानेवारी २०२३ मध्येच सांगितलं की आता बास. त्या बाजूला झाल्या आणि समोर आले कोण? स्लॉटकिन, सीआयएमध्ये काम केलेल्या, इराकमध्ये तीन वेळा पोस्टिंग, पण लान्सिंग आणि आसपासच्या पट्ट्याबाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं. आणि रॉजर्स, एफबीआयमध्ये होते, काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकन संसदेत, १४ वर्षं काढली, इंटेलिजन्स कमिटीचे अध्यक्ष होते, पण २०१५ च्या सुरुवातीला बाहेर पडले, मधल्या काळात फ्लोरिडात राहायला गेले, परत आले. वॉशिंग्टनमध्ये दोघंही वजनदार, ग्रँड रॅपिड्सच्या सुपरमार्केटमध्ये दोघांनाही कोणी ओळखलं नसतं. अशा शर्यतीत पक्ष न मानणाऱ्या किंवा वरच्या एकाच माणसासाठी आलेल्या मतदाराला खाली यायला काही आधारच नसतो.

म्हणून मी नव्या लोकांना सांगतो की समसमान राज्यातली ओपन सीट ही मन वळवण्याची स्पर्धा कमी आणि आपल्या बाजूच्या माणसाला मतपत्रिकेवर त्या ओळीपर्यंत आणण्याची स्पर्धा जास्त असते. हे माझं मत आहे, पटेलच असं नाही. माझे एक-दोन जुने सहकारी अगदी उलट बोलतात, त्यांच्या मते टीव्हीवरच्या जाहिरातींनीच सगळं ठरतं.

जाहिरातींचं म्हणणं अगदीच खोटं नाही, त्यामुळे त्याबद्दल थोडं. स्लॉटकिनची एक जाहिरात होती, मी कच्च्या रस्त्यावर राहते, जवळपास चार्जिंग स्टेशन नाही, म्हणून माझ्याकडे इलेक्ट्रिक गाडी नाही, अशा अर्थाची. रॉजर्सची बाजू महिनोन्महिने ‘ह्या बाई तुमच्यावर ईव्ही लादणार’ म्हणून ओरडत होती आणि ऑटो कामगारांच्या राज्यात तो मुद्दा लागणारच होता, त्याला हे उत्तर. दुसऱ्या बाजूने रॉजर्सचं फ्लोरिडा आणि गर्भपाताबद्दलची त्यांची जुनी मतं सतत दाखवली जात होती, मिशिगनने २०२२ मध्येच घटनादुरुस्ती करून तो हक्क ५६ टक्क्यांहून जास्त मतांनी पास केलेला होता. ह्या सगळ्याने विरोधी पक्षाचा कट्टर माणूस वळतो असं मला नाही वाटत. पण वरच्या गोलानंतर पेन उचलणाऱ्या माणसाच्या मनात शंका मात्र बसते, आणि शंका आली की गोल रिकामा राहतो.

पैशातली एक तांत्रिक गोष्ट आहे जी बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या आधी ४५ दिवस आणि मुख्य निवडणुकीच्या आधी ६० दिवस टीव्ही आणि रेडिओ स्टेशनांना उमेदवाराला सगळ्यात कमी दराने जाहिरात द्यावी लागते, तसा कायदाच आहे. सुपर पॅकना, म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून खर्च करणाऱ्या बाहेरच्या ग्रुपना, ही सवलत नाही, त्यांना बाजारभावाने, म्हणजे ऑक्टोबरमध्ये कितीही पट भाव देऊन घ्यावं लागतं. त्यामुळे उमेदवाराच्या स्वतःच्या खात्यातला एक डॉलर हा बाहेरच्या ग्रुपच्या डॉलरपेक्षा बराच जास्त पळतो. स्लॉटकिननी स्वतःच्या खात्यात रॉजर्सपेक्षा खूप जास्त पैसे गोळा केले होते, शिवाय प्रायमरी त्यांनी साधारण ७६ टक्के मतांनी खिशात घातली, म्हणजे उन्हाळ्यात फारसं खर्चच करावं लागलं नाही. रॉजर्सना सप्टेंबर २०२३ मध्ये उतरून आधी स्वतःच्याच पक्षातल्यांना पटवावं लागलं, ट्रम्प यांचा पाठिंबा मार्च २०२४ मध्ये मिळाला, मग एकेक स्पर्धक गळाले. एवढं सगळं असूनही फरक १९ हजारच. पैसा नसता तर काय झालं असतं ह्याचं उत्तर कोणाकडेच नाही.

आता मिशिगनच्या ह्या शर्यतीतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. २००० साली स्टॅबेनो लान्सिंगच्या आठव्या डिस्ट्रिक्टमधून (मतदारसंघातून) हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात होत्या, ती जागा सोडून त्या सिनेटला उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. त्यांनी सोडलेली जागा ओपन झाली, ती कोणी घेतली? माइक रॉजर्सनी, रीकाउंटनंतर फक्त १११ मतांनी. हो, एकशे अकरा. पुढे २०१८ मध्ये त्याच आठव्या डिस्ट्रिक्टमधून स्लॉटकिन निवडून आल्या. नंतर मतदारसंघांचे नकाशे बदलले, नंबर सात झाला, पण लान्सिंगचा गाभा तोच. २०२४ ला स्लॉटकिननी ती जागा सोडली, सिनेटला उभ्या राहिल्या, जिंकल्या, आणि मागे राहिलेली जागा रिपब्लिकन टॉम बॅरेट यांनी जवळजवळ चार पॉइंटनी घेतली. चोवीस वर्षांनी अगदी तोच खेळ, डेमोक्रॅट्सना सिनेट मिळाली आणि लान्सिंग गेलं. चांगला उमेदवार वरच्या जागेला पाठवला की खाली भोक पडतं, ही किंमत कोणी आधी मोजत नाही.

तुम्ही म्हणाल की मग ओपन सीट म्हणजे डेमोक्रॅट्सचं नुकसानच. नाही, कारण त्याच दिवशी शेजारच्या, नव्या नकाशातल्या आठव्या डिस्ट्रिक्टमध्ये, फ्लिंट-सॅगिनॉ-बे सिटीच्या पट्ट्यात, डॅन किल्डी निवृत्त झाले होते. त्या घराण्याकडे, म्हणजे आधी काका मग पुतण्या, १९७७ पासून जागा होती, आणि सगळे म्हणत होते ही जाणार. तिथे क्रिस्टन मॅक्डोनल्ड रिव्हे साडेसहा-सात पॉइंटनी जिंकल्या. दोन्ही डिस्ट्रिक्टमध्ये वर ट्रम्प पुढे. एकाच राज्यात, एकाच दिवशी, एकमेकांना खेटून असलेल्या दोन ओपन सीट्स दोन वेगळ्या दिशांना गेल्या. का? माझ्या अंदाजाने ओळख हा एक भाग. बॅरेट २०२२ ला स्लॉटकिनकडून हरले होते, पण त्यामुळेच नाव घराघरात पोचलं होतं. रिव्हे स्वतः त्या पट्ट्यातून राज्याच्या सिनेटवर निवडून आलेल्या होत्या. पण ओळखीने सगळं सुटतं असंही नाही, कारण रिव्हेंसमोरचे रिपब्लिकन उमेदवार काँग्रेससाठी तिसऱ्यांदा उभे होते आणि तिसऱ्यांदा हरले. लोक ओळखत होते, मत देत नव्हते.

आणि विद्यमान असणं हे कवच आहे असंही समजू नका. त्याच रात्री पेनसिल्व्हेनियात १८ वर्षं सिनेटर असलेले बॉब केसी १५ हजारांच्या आसपास मतांनी पडले. उलट मिशिगनमध्येच २०१४ ला कार्ल लेव्हिन निवृत्त झाले तेव्हा ओपन सीट होती, देशभर रिपब्लिकन हवा होती, आणि गॅरी पीटर्स १३ पॉइंटनी निवडून आले. तेव्हा ‘ओपन म्हणजे अटीतटीचं’ हे समीकरण उमेदवार, वर्ष आणि राज्य तिन्ही जुळले तरच खरं.

राज्य किती समसमान आहे त्याचा अंदाज यावा म्हणून: २०१६ ला ट्रम्प इथे १०,७०४ मतांनी जिंकले, २०२० ला बायडन १,५४,१८८ नी, २०२४ ला परत ट्रम्प. राज्याच्या हाउसमध्ये २०२२ ला डेमोक्रॅट ५६ विरुद्ध ५४, २०२४ ला रिपब्लिकन ५८ विरुद्ध ५२. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं लोक सारखे मत बदलतात. लोक फार थोडे बदलतात हो, येणारे बदलतात.

जिथे राज्य किंवा डिस्ट्रिक्ट समसमान नसतं तिथे ओपन सीटची खरी लढाई प्रायमरीत संपते, आणि त्याचं आपल्या माणसाचंच उदाहरण आहे. श्री ठाणेदार, बेळगावात वाढलेले मराठी गृहस्थ, २०२२ ला डेट्रॉइटच्या १३ व्या डिस्ट्रिक्टमधून उभे राहिले. नवे नकाशे, रशिदा तलेब शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये गेलेल्या, जागा मोकळी, प्रायमरीत नऊ उमेदवार. ठाणेदारांनी स्वतःचे भरपूर पैसे ओतले आणि २८ टक्के मतांवर प्रायमरी काढली. नोव्हेंबर ही फक्त औपचारिकता होती. आपल्याकडे तिकीट वरून येतं, इथे ते ऑगस्टमध्ये लोकांकडून घ्यावं लागतं, आणि नऊ जणांत वाटणी झाली की २८ टक्के पुरतात. नवीन नागरिक बऱ्याचदा नोव्हेंबरला मत देतात आणि ऑगस्ट सोडतात, सेफ डिस्ट्रिक्टमध्ये ते बरोबर उलटं असायला हवं. तुमचं नोव्हाय डेबी डिंगल यांच्या सहाव्या डिस्ट्रिक्टमध्ये येतं, तिथे हाउसची जागा नोव्हेंबरमध्ये फार हलणारी नाही, म्हणून तुमचा वेळ सिनेटलाच घालवा हे मला पटतं.

बरं, दारोदार फिरण्याचा उपयोग होतो का. २०१८ मध्ये दोन अभ्यासकांनी ४९ फील्ड प्रयोग एकत्र करून बघितले आणि निष्कर्ष असा आला की मुख्य निवडणुकीत प्रचाराने, दारावर जाऊन असो, पत्र असो की जाहिरात, उमेदवाराबद्दलचं मत बदलण्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य असतो. हे वाचून आमच्यातले बरेच जण खट्टू झाले, मला मात्र बरं वाटलं, कारण फिरताना मला जे दिसत होतं त्याच्याशी ते जुळलं. ऑक्टोबरमध्ये ट्रम्पचा झेंडा लावलेल्या घरी जाऊन वीस मिनिटं वाद घालणारा व्हॉलंटियर हा माझ्या दृष्टीने हरवलेला व्हॉलंटियर, तेवढ्या वेळात पाच-सहा दारं झाली असती. मात्र मत देण्याची शक्यता वाढवायला दारावरचं बोलणं चालतं, हे वेगवेगळ्या प्रयोगांत परत परत दिसलंय.

मिशिगनमध्ये मतदार नोंदणी करताना पक्ष लिहावा लागत नाही, त्यामुळे यादीत कोण कुठल्या पक्षाचा ते लिहिलेलं नसतं. आमच्याकडे असतो तो अंदाज, वय, पत्ता, आधी कुठल्या निवडणुकीला आला होता, राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत कुठल्या पक्षाची पत्रिका घेतली (ते मात्र रेकॉर्डवर राहतं, ऑगस्टच्या प्रायमरीचं राहत नाही) असं सगळं घालून काढलेला स्कोअर. हा स्कोअर चुकतो. आणि आपल्या देशी नावांच्या बाबतीत तर चांगलाच चुकतो, कारण नवीन नागरिकाची हिस्टरीच नसते. तुमच्यासारखा माणूस यादीत ‘माहीत नाही’ म्हणून पडून राहतो, त्याच्या दारावर कोणी जात नाही, आणि मग पोल्समध्येही त्याचं वजन धड लागत नाही. म्हणून तुम्ही सगळ्यात उपयोगी कुठे पडाल तर नोव्हाय, कँटन, ट्रॉयच्या त्या सोसायट्यांमध्ये जिथे दरवाजा उघडणारे आजोबा मराठी किंवा तेलुगू बोलतात. तिथे तुम्ही पटवायला जात नाही, सांगायला जाता की पत्रिका पाठपोट आहे, सिनेटची ओळ इथे आहे, आणि स्ट्रेट पार्टीचा गोल भरला तरी न्यायाधीश, स्कूल बोर्ड आणि प्रपोजल्स वेगळी भरावी लागतात.

ह्याच्याही पुढचं काम, जे मला सगळ्यात आवडतं आणि ज्यात कोणाला रस नसतो, ते म्हणजे पोस्टल बॅलटचा पाठपुरावा. कोणी मागवलं आणि कोणाचं क्लर्ककडे, म्हणजे गावाच्या निवडणूक बघणाऱ्या ऑफिसात, परत आलं ही यादी प्रचाराला मिळते (कोणाला मत दिलं ते अर्थातच नाही). पत्रिका निवडणुकीच्या दिवशी रात्री आठच्या आत क्लर्ककडे पोचलेली हवी, नुसता पोस्टाचा शिक्का चालत नाही, अपवाद फक्त सैन्यातले आणि परदेशातले. शेवटच्या आठवड्यात किचन काउंटरवर पडलेली पत्रिका आठवून द्यायची, पोस्टात न टाकता ड्रॉप बॉक्सला न्यायला सांगायची, एवढंच. सोबत आता नऊ दिवसांचं अर्ली व्होटिंगही आहे. आणि कोणी म्हणालं रजिस्ट्रेशनच राहिलं, तर घाबरवू नका, निवडणुकीच्या दिवशीही क्लर्कच्या ऑफिसात पत्त्याचा पुरावा घेऊन जाऊन करता येतं.

२०२६ ला मात्र २०२४ चं गणित जसंच्या तसं लावू नका. वर राष्ट्राध्यक्ष नाही, गव्हर्नर आहे. २०२२ ला राज्यात ४४ लाखांच्या आसपास मतदान झालं, २०२४ ला ५६ लाखांच्या वर. म्हणजे दहा-बारा लाख लोक असे आहेत जे ट्रम्प किंवा हॅरिससाठी येतात आणि मधल्या वर्षी घरी बसतात. २०२४ ला रॉजर्सचा प्रॉब्लेम होता गोल रिकामा सोडणारे. त्यांनी २०२६ साठी परत उमेदवारी जाहीर केली, आणि ह्या वेळी त्यांचा प्रॉब्लेम आहे मुळात न येणारे, तो जास्त अवघड की सोपा हे मी आत्ता सांगू शकत नाही. डेमोक्रॅट बाजूला हेली स्टीव्हन्स, मॅलरी मॅकमॉरो, अब्दुल अल-सय्यद ह्यांनी उमेदवारी जाहीर केली, म्हणजे २०२४ सारखी स्वस्तातली प्रायमरी नाही. पैसे आणि वेळ दोन्ही ऑगस्टपर्यंत आपापसातच जाणार आणि नंतर हातात तीनच महिने. त्यामुळे काम करायचं असेल तर ४ ऑगस्टच्या प्रायमरीची वाट बघत थांबू नका, आवडेल त्या उमेदवाराकडे आत्ताच नाव द्या, फील्डचं काम शिकायला थोडे महिने लागतातच आणि ऑक्टोबरमध्ये शिकवायला कोणाकडे वेळ नसतो.

एक सावधगिरी. गणपती, दिवाळीच्या कार्यक्रमात पत्रकं वाटायचा मोह होईल. आपली बरीच मंडळं करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली आहेत, ५०१(सी)(३), त्यांना उमेदवाराचा प्रचार करायला सक्त मनाई आहे. मंडळाच्या स्टेजवरून, मंडळाच्या ईमेलवरून काही नको. बाहेर पार्किंगमध्ये मित्राशी बोललात तर तो तुमचा प्रश्न.

आणि वहिनींबद्दल. ग्रीन कार्डवर असताना त्या व्हॉलंटियर म्हणून फोन करू शकतात, दारं करू शकतात, देणगीही देऊ शकतात, २०२५-२६ साठीची मर्यादा एका निवडणुकीला एका उमेदवाराला ३,५०० डॉलर आहे, प्रायमरी आणि जनरल वेगवेगळ्या धरतात. एच-वन किंवा एच-फोरवर असणाऱ्यांना देणगी अजिबात चालत नाही, नवऱ्याच्या कार्डावरून बायकोने असलंही नको. बिनपगारी व्हॉलंटियर काम चालतं पण प्रचाराचे निर्णय घेण्यात भाग घ्यायचा नाही. मत देणं आणि मतदार म्हणून नोंदणी करणं हे दोन्ही फक्त नागरिकांसाठी. लायसन्सच्या खिडकीवर किंवा मॉलबाहेर कोणी हसतमुखाने रजिस्ट्रेशनचा फॉर्म पुढे केला तर ‘नो, थँक यू’ म्हणायचं आणि सही करायची नाही, कारण चुकून केलेली सहीसुद्धा पुढे नागरिकत्वाच्या अर्जात, कधी कधी थेट देशात राहण्याच्या हक्कावर येते, आणि तेव्हा ‘मला वाटलं चालतं’ हे कोणी ऐकत नाही. शंका असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, मला नको, मी याद्यांचा माणूस आहे.